सावेदादांची हरवलेली फीत

हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर हे मुंबईतले छायाचित्रकार. लोक त्यांना सावेदादा म्हणत. ७ जुलै १८९६ रोजी वॉटसन हॉटेलात ल्यूमिए बंधूंच्या हलत्या चित्रांचा खेळ झाला आणि त्यानंतर काही काळातच सावेदादांनी विलायतेतून स्वतःसाठी कॅमेरा मागवला. १८९९ मध्ये त्यांनी हँगिंग गार्डनमध्ये पुंडलिकदादा आणि कृष्णा न्हावी या दोन पैलवानांची कुस्ती टिपली. डिसेंबर १९०१ मध्ये केंब्रिजचे सीनियर रँग्लर होऊन रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण केले. आपल्याकडच्या माणसाने आपल्या माणसांचे केलेले हे अगदी सुरुवातीचे चित्रण. यातले आज काहीही उपलब्ध नाही. आहेत ती फक्त वर्णने.

ही कुस्ती आता कोणीही 'तयार' करू शकतो. संगणकाला चार ओळी लिहून द्यायच्या: जुनी मुंबई, लाल माती, दोन पैलवान, भोवती पगड्यांची गर्दी, फीत जुनाट आणि थरथरती. गूगलचे 'व्हिओ ३' हे साधन मे २०२५ मध्ये आले, ते अशा वर्णनावरून आठ सेकंदांची चित्रफीत करते, आणि सोबत आवाजही. शड्डू ठोकल्याचा, गर्दीच्या आरोळ्यांचा. गंमत म्हणजे सावेदादांच्या फितीला आवाज नव्हताच!

यावर कपाळाला हात लावून बसणाऱ्यांपैकी मी नाही. सिनेमा जन्मापासून सोंगाड्या आहे. १८९८ मध्ये स्पेन-अमेरिका युद्ध चालू असताना ब्लॅकटन आणि स्मिथ या दोघांनी न्यूयॉर्कमध्ये सांतियागोची आरमारी लढाई चक्क टेबलावर लढवली. जहाजांची छायाचित्रे कापून पाण्यात उभी केली, चिमूटभर दारू उडवली आणि सिगारचा धूर सोडला. स्मिथ यांनी पुढे आपल्या आठवणींत हे सांगून टाकले. आपल्या फाळक्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, रोज थोडे थोडे चित्रण केले आणि रोप क्षणात वाढताना दाखवले. आवाजाचेही तेच. नभोनाट्यात घोडा दौडायचा तो नारळाच्या करवंट्यांवर आणि वीज कडाडायची ती पत्र्यात. युनिव्हर्सल स्टुडिओतल्या जॅक फोली यांच्या नावावरून चित्रपटासाठी पावलांचे, कपड्यांच्या सळसळीचे आवाज काढण्याच्या कामालाच 'फोली' असे नाव पडले. करवंट्या वाजवणाऱ्याला कोणी खोटारडा म्हणाले नाही.

मग आता नवे ते काय? मला यात थोडा खोल फरक दिसतो. इतिहास शिकवणाऱ्याला तो दिसायला हवा.

'बॅटल ऑफ द सॉम' या १९१६ च्या युद्धपटाचे उदाहरण घ्या. इंग्लंडमध्ये लोकांनी गर्दी करून तो पाहिला. त्यातले सैनिक खंदकातून वर चढून हल्ल्याला निघतात ते प्रसिद्ध दृश्य आघाडीवरचे नाही. मागे, प्रशिक्षणाच्या जागी ते मुद्दाम करवून घेतले होते. म्हणजे लबाडीच. पण त्या लबाडीतले सैनिक खरे, गणवेश खरे, १९१६ चे ऊन खरे. हल्ल्याचा पुरावा म्हणून ते दृश्य बाद. परंतु त्या दिवसांचा पुरावा म्हणून ते आजही उभे राहते. टेबलावरची लढाईसुद्धा ब्लॅकटन-स्मिथ यांच्या कारागिरीचा पुरावा आहेच. कॅमेऱ्यासमोर काहीतरी होते, म्हणून फितीवर काहीतरी उमटले.

पुढे २०१८ मध्ये पीटर जॅक्सन यांनी 'दे शॅल नॉट ग्रो ओल्ड' हा चित्रपट केला. पहिल्या महायुद्धातल्या फिती हाताने फिरवायच्या कॅमेऱ्यावर घेतलेल्या, सेकंदाला कुठे दहा चित्रे तर कुठे अठरा. आजच्या चोवीसच्या गतीला आणण्यासाठी मधली चित्रे संगणकाने भरली. ओठांच्या हालचाली वाचणारे तज्ज्ञ बोलावून सैनिक काय बोलत होते ते शोधले आणि नटांकडून बोलवून घेतले. हे मला पटले. संगणकाने भरलेल्या प्रत्येक चित्राला अलीकडे एक खरे चित्र होते आणि पलीकडे एक. ओढ्याला दोन्ही काठ होते.

ॲडोबीच्या प्रीमिअर या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'जनरेटिव्ह एक्स्टेंड' नावाची सोय आहे. एप्रिल २०२५ मध्ये ती चाचणीतून बाहेर पडून सर्वांच्या हाती आली. दृश्य जिथे तुटते तिथून पुढे दोन सेकंदांपर्यंत ते वाढवून मिळते आणि आसपासचा आवाज दहा सेकंदांपर्यंत. माणसाचे बोलणे मात्र ती वाढवत नाही. (ही मर्यादा ज्याने घातली त्याला इतिहासाचा शिक्षक भेटला असावा!) इथे काठ एकच उरला. तरीही दोन सेकंदांत कोणी फार लांब वाहून जात नाही.

यातला आवाजाचा भाग मला विशेष वाटला. बंद खोलीतली शांतताही प्रत्येक खोलीची वेगळी असते. म्हणून ध्वनिमुद्रण करणारे जाणकार काम संपल्यावर सगळ्यांना गप्प बसवून अर्धा-एक मिनिट नुसती शांतता टिपून घेतात, म्हणजे संकलनात जोड दिसत नाही. ती शांतताही आता बनवता येते.

आणि ज्याला एकही काठ नाही, अशी ती चार ओळींवरून केलेली फीत. तिच्यासमोर कोणी पैलवान नव्हता, नट नव्हता, टेबलही नव्हते. ती कशाचीही साक्ष देत नाही. फक्त संगणकाने आजवर पाहिलेल्या हजारो चित्रांची सरासरी देते. आणि सरासरी नेहमी पटते. तीच खरी अडचण.

हे मी पुस्तकी बोलत नाही. आमच्या गावच्या शाळेला शंभर वर्षे होत आहेत. माझा एक जुना विद्यार्थी त्यासाठी माहितीपट करतो आहे, हौसेने आणि पदरमोड करून. १९४२ च्या ऑगस्टमध्ये शाळेतल्या मुलांनी काढलेल्या फेरीचे एकही छायाचित्र नाही. त्याने व्हिओवर ते दृश्य करून घेतले. टोप्या घातलेली मुले, हातात तिरंगे, स्वच्छ ऊन, घोषणा. पाहताना माझ्याही अंगावर काटा आला, खोटे कशाला बोलू?

त्या फेरीत असलेल्यांपैकी आता एकच काकू हयात आहेत. तेव्हा त्या नऊ वर्षांच्या होत्या. त्याने त्यांना मोबाइलवर ते दृश्य दाखवले आणि माझ्याकडे आनंदाने आला. "बाई, आजी म्हणाल्या, अगदी अस्संच होतं! घोषणासुद्धा ह्याच."

मी कपाटातून कॅसेट काढली. १९९२ मध्ये चले जाव चळवळीला पन्नास वर्षे झाली, तेव्हा मुलांना ऐकवण्यासाठी मी याच काकूंना त्यांच्या ओटीवर बसून बोलते केले होते. त्यात त्या सांगतात की पाऊस धो धो होता. पोरांच्या डोक्यावर इरली होती. झेंडा एकच, तोही मोठ्या मुलाने सदऱ्याच्या आत लपवलेला. घोषणा कोणी दिली नाही. पाटलाच्या वाड्यासमोरून जाताना पुढच्या गुरुजींनी ओठांवर बोट ठेवले आणि सगळी रांग चिखलातून मुकाट चालत गेली. "नुसता पायांचा आवाज," असे त्या म्हणतात.

तो बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, "पण बाई, आता विचारलं तर त्या घोषणाच सांगतात."

हो, सांगतात. मी स्वतः जाऊन विचारले. ऊन होते म्हणाल्या. इरल्यांचे विचारले तर हसल्या, "छे गं, टोप्या होत्या." त्यांचा यात काही दोष नाही. ब्याण्णव वर्षांच्या मनात चित्र पुसट झाले होते, समोर लखलखीत आले, ते त्यांनी घेतले. पण १९४२ च्या त्या मुक्या फेरीचा अखेरचा साक्षीदार आठ सेकंदांत गेला. कॅसेट नसती तर मलाही कळले नसते.

दृश्याच्या कोपऱ्यात 'काल्पनिक' अशी पाटी टाकावी असे त्याने सुचवले. अशा फितींवर खुणा उमटवण्याची सोय आता आहे, ती हवीच. पण काकूंनी पाटी वाचली असती का? चष्मा तर खिडकीत होता.

शेवटी त्याने ते दृश्य काढले. त्या जागी सव्वा मिनिट काळा पडदा आहे आणि कॅसेटमधला काकूंचा एकोणसाठाव्या वर्षीचा आवाज. मागे ओटीवरच्या पंख्याची करकर आहे, मध्येच कोणाची तरी भांडी वाजतात. ती करकर सॉफ्टवेअरने एका झटक्यात काढता येईल असे तो म्हणत होता. राहू दे म्हटले.