शवविच्छेदन नाकारण्याचा हक्क
मृत्यूचे कारण शोधण्यासाठी होणारी प्रेताची उत्तरीय तपासणी थांबवण्याचा नातलगांचा अधिकार. भारतात तो अर्धाच मिळतो. आजार समजून घेण्यासाठीच्या शवविच्छेदनाला नातलगांची संमती लागते. संशयास्पद मृत्यूत लागत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे (२०२३) कलम १९४ लग्नानंतर ७ वर्षांच्या आत स्त्रीने केलेल्या आत्महत्येतही तपासणी सांगते. हा भेद योग्यच आहे. नकार देणाऱ्या घरातच कधी दोषी असतो आणि मृत व्यक्ती स्वतःची बाजू मांडू शकत नाही.

हरसूलसारख्या (ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक) आदिवासी डोंगराळ भागात हरकत बहुधा विटंबनेची आणि खोळंब्याची असते. ती खरीच आहे. पण तिचे उत्तर नकारात नाही, तर तपासणीच्या रीतीत आहे. केंद्राने २०२१ मध्ये पुरेशी सोय असल्यास सूर्यास्तानंतरही शवविच्छेदनाला मुभा दिली. खून, आत्महत्या वगैरे प्रकरणे मात्र सर्वसाधारणपणे वगळली. शिवाय सर्पदंशाने शेतकरी दगावला, तर राज्याच्या अपघात योजनेतील २ लाख रुपयांच्या अनुदानासाठी हाच अहवाल कुटुंबाच्या उपयोगी पडतो. नातलगांना कारण समजावून सांगणे आणि प्रेत नीट शिवून लवकर ताब्यात देणे, एवढे मागण्याचा हक्क मात्र त्यांना निःसंशय असावा.