पासोडी, पोथी, तबकडी आणि डिफ्रॅग

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई म्हटले की आद्यकवी मुकुंदराज आणि योगेश्वरी देवी आठवतात. याच गावी संत दासोपंतांची (१५५१–१६१५) एक विलक्षण वस्तू जतन झाली आहे: पासोडी. सुमारे ४० फूट लांब आणि ४ फूट रुंद अशा जाड कापडावर दासोपंतांनी पंचीकरणाचा विषय ओव्यांत लिहून काढला. स्थूल रूपातील प्रत्येक महाभूतात निम्मा अंश स्वतःचा, तर उरलेल्या चार भूतांचा प्रत्येकी एक अष्टमांश, असा हा वेदान्तातला हिशेब.

एरवी कापड आणि ग्रंथ यांचे नाते याच्या नेमके उलट असते. पोथी म्हणजे सुटी पाने. त्यांच्या वर-खाली लाकडी फळ्या लावायच्या आणि भोवती कापडाचे बासन घट्ट बांधायचे. धूळ, दमट हवा, कसर यांना हे बासन थोपवून धरते. (आज एखादा अहवाल दडपला की तो ‘बासनात गुंडाळला’ असे म्हणतात. बासनावर हा अन्यायच आहे.) मात्र गाठ सैल झाली आणि पाने विस्कटली, तर बासनाचा काही उपयोग नाही. म्हणून लेखनिक पानापानावर अंक घाली आणि अखेरीस पोथीच्याच तोंडून विनवणी करी: तेलापासून वाचवा, पाण्यापासून वाचवा, सैल बांधणीपासून वाचवा आणि मूर्खाच्या हाती देऊ नका. पोथीचा क्रम तिच्या देहात नसतो, त्या अंकांत असतो. अंक झिजले की पाने शिल्लक राहतात आणि ग्रंथ हरवतो.

पासोडीला ही भीती नाही. तिथे सुटे पानच नाही. जे आहे ते एकाच कापडावर सलग आहे.

तीनशे वर्षांनी आलेली ग्रामोफोनची तबकडी या बाबतीत पासोडीच्या कुळातली. भारतात व्यापारी ध्वनिमुद्रण १९०२ मध्ये कलकत्त्यात सुरू झाले. पुढे बालगंधर्वांची नाट्यपदेही तबकड्यांवर आली. लाखेच्या तबकडीच्या एका बाजूवर कडेपासून मध्याकडे जाणारी एकच सलग खाच असते, आणि गाण्याचा क्रम म्हणजे ती खाच. तो विस्कटणे शक्यच नाही. धोका असतो तो धुळीचा: पोलादी सुईखाली सापडलेला कण खाच खरवडतो. यासाठी मधोमध गोल भोक असलेले कागदी पाकीट आले; तबकडी बाहेर न काढता लेबल वाचता यावे, ही त्या भोकाची सोय. १९४८ मध्ये विनाइलची एलपी आली. ती लाखेसारखी ठिसूळ नव्हती, पण तिच्या खाचा फार बारीक होत्या आणि स्थिर विद्युतभारामुळे धूळ तिला चिकटून बसे. मग पुठ्ठ्याच्या कव्हरात आणखी एक मऊ आतले पाकीट आले.

संगणकाची हार्ड डिस्कही फिरती तबकडीच, पण स्वभावाने ती पोथी आहे. फाइलचे तुकडे जिथे जागा मिळेल तिथे ठेवले जातात आणि त्यांचा क्रम वेगळ्या सारणीत नोंदला जातो. फायली पुसत, नव्या लिहीत गेले की हे तुकडे दूरदूर पडतात. वाचणाऱ्या शीर्षाला उड्या माराव्या लागतात आणि संगणक मंदावतो. ‘डिफ्रॅग’ म्हणजे ते तुकडे पुन्हा शेजारी आणून लावणे. विंडोज ९५ वापरलेल्यांना पडद्यावर सरकणारे ते रंगीत चौकोन आठवतील. सारणीच बिघडली, तर मात्र अंक झिजलेल्या पोथीची गत होते: तुकडे डिस्कवर असतात, फाइल सापडत नाही. अलीकडच्या एसएसडीत फिरणारे शीर्षच नाही. तिथे डिफ्रॅगने फायदा जवळजवळ होत नाही, उलट जास्तीच्या लेखनाने चिपची झीज होते.

सलगपणाचीही किंमत असते. ४० फुटांचे कापड चाळता येत नाही, उलगडावेच लागते. शिवाय घडी पुन्हा पुन्हा एकाच जागी पडली, तर धागा आणि शाई तिथेच आधी झिजते. तबकड्या कव्हरात घालून उभ्या ठेवतात, कारण चळतीत तळच्या तबकडीवर भार येतो. जुने लांब कापड मात्र घडी न घालता रुळावर गुंडाळतात, आणि गुंडाळीभोवती पुन्हा एक स्वच्छ सुती कापड लपेटतात.