आजोळचं नाव लावणारे परराष्ट्रमंत्री

मी विष्णुपुरीहून बोलतेय.

१७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिदिनाचा झेंडा लावतो. निजामाचं राज्य १९४८ला गेलं. पोर्तुगीजांच्या ताब्यातला गोवा मोकळा व्हायला १९६१ उजाडलं आणि इंग्रजांच्या ताब्यातल्या आफ्रिकेतल्या केनियाला १९६३ची वाट पाहावी लागली. आज ज्यांची गोष्ट सांगते, त्यांचं नातं गोव्याशीही होतं आणि केनियाशीही. नाव जोसेफ मुरुंबी.

जन्म १९११चा, केनियातला. वडील पीटर झुझार्ते, गोव्याहून तिकडे गेलेले व्यापारी. आई मसाई. मसाई म्हणजे गुरंढोरं पाळून जगणारा समाज. तिचे वडील त्या समाजाचे धर्मगुरू आणि वैदू होते. वडिलांनी जोसेफला लहानपणीच शिकायला भारतात पाठवलं. बंगळूर आणि बळ्ळारीला शाळा झाली. तोवर नाव होतं जोसेफ झुझार्ते.

तरुणपणी ते केनियात परतले. तिथे माणसाच्या रंगावर सगळं ठरायचं. वर गोरे, मधे हिंदी लोक, तळाला आफ्रिकी. डोंगरमाथ्याची सुपीक जमीन गोऱ्यांसाठी राखलेली. आफ्रिकी पुरुषाला ओळखीचा कागद पत्र्याच्या डबीत घालून गळ्यात अडकवावा लागायचा. त्याला ‘किपांडे’ म्हणत. तो जवळ नसला की शिक्षा. पगारही रंग बघूनच.

आता विचार करा. वडिलांचं नाव ठेवलं तर मधली पायरी, आईकडचं लावलं तर तळाची. जोसेफ यांनी आईकडचं घेतलं. आजोबांचं नाव मुरुंबी, ते त्यांनी स्वतःला लावलं.

ऑक्टोबर १९५२ मध्ये इंग्रजांनी केनियात आणीबाणी लावली. जोमो केन्याटा आणि इतर पुढारी तुरुंगात गेले. तेव्हा मुरुंबींनी ‘केनिया आफ्रिकन युनियन’चं सरचिटणीसपद सांभाळलं. त्या वेळी नैरोबीत भारताचे प्रतिनिधी कोण होते माहीत आहे? आपल्या सातारा भागातल्या औंध संस्थानचे अप्पासाहेब पंत. त्यांची सहानुभूती आफ्रिकी लोकांकडे होती, आणि इंग्रजांना ती खुपायची.

१९५३ला मुरुंबी देशाबाहेर पडले. भारतात आले, कैरोला गेले, मग लंडनला राहिले. जिथे जातील तिथे केनियाचं गाऱ्हाणं मांडत राहिले. जवळजवळ नऊ वर्षं घराबाहेर काढली.

१२ डिसेंबर १९६३ला केनिया स्वतंत्र झाला. पुढच्याच वर्षी मुरुंबी परराष्ट्रमंत्री झाले. १९६६ला उपराष्ट्राध्यक्ष झाले, पण काही महिन्यांतच त्यांनी पद सोडलं. कारण प्रकृतीचं सांगितलं गेलं. पण त्याआधी, २४ फेब्रुवारी १९६५ला, त्यांचे जिवलग मित्र पिओ गामा पिंटो यांचा नैरोबीत गोळ्या घालून खून झाला होता. पिंटोही मूळ गोव्याचे. तो घाव मुरुंबींच्या मनातून कधी गेला नाही, असं त्यांच्या जवळचे लोक सांगत.

पुढे त्यांनी आफ्रिकेची जुनी पुस्तकं, मूर्ती, कापडं, दागिने जमवले. परदेशातून मागणी आली, तरी हा ठेवा त्यांनी देशातच राहू दिला. आज तो नैरोबीत जपलेला आहे. १९९०ला मुरुंबी गेले. त्यांची कबर पिंटोंच्या कबरीजवळच आहे.

ही गोष्ट मी आज का सांगितली? बचत गटाचं खातं उघडताना मी नेहमी बघते, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं नाव, आधारवर सासरचं, रेशनकार्डावर तिसरंच. बाई एक, नावं तीन! आणि लेकरांच्या नावात तर आई कुठेच नाही. मुरुंबींनी आईकडचं नाव लावलं, पण तेही तिच्या वडिलांचंच होतं. आपल्या महाराष्ट्राने त्यापुढचं पाऊल टाकलंय. १ मे २०२४ किंवा त्यानंतर जन्मलेल्या बाळाच्या नावात आता आईचं स्वतःचं नाव येतं. आधी बाळाचं, मग आईचं, मग वडिलांचं आणि शेवटी आडनाव.

तुमच्या घरात एवढं लहान लेकरू असेल, तर त्याचा जन्मदाखला काढून बघा. आईचं नाव आहे का, आणि बरोबर लिहिलंय का? चुकलं असेल तर आत्ताच दुरुस्त करून घ्या. गटाच्या पुढच्या बैठकीला तो दाखला सोबत आणा, सगळ्या मिळून वाचू.