आधी कोण पिणार?

काही वर्षांपूर्वी कामानिमित्त तीन आठवडे चीनमध्ये चेंगडूला होतो. तिथल्या टीममधल्या एका मित्राने रविवारी घरी जेवायला बोलावलं. गोल टेबल, दाराकडे तोंड करून बसलेले त्याचे आजोबा आणि सगळ्यांसमोर अंगठ्याएवढे प्याले. त्यात बायज्यू. ही ज्वारीची दारू बरं का! पण पन्नास टक्क्यांच्या वर अल्कोहोल, त्यामुळे भाकरीची आठवण वगैरे अजिबात येत नाही.

मित्र उठला, दोन्ही हातांनी प्याला धरला आणि आजोबांच्या प्याल्याला लावताना आपल्या प्याल्याची कड चांगली बोटभर खाली ठेवली. मीही बघून तेच केलं. मग माझ्याशी प्याला लावताना त्याने आपला खाली नेला, पाहुणा म्हणून. मी त्याहून खाली. तो आणखी खाली. शेवटी दोघांचे प्याले टेबलाला टेकले आणि आजोबा खो खो हसले.

मला हसू आलं, पण खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला. आमच्या घरी बाबांसमोर ग्लास हातात धरायची माझी चाळिशीतही हिंमत नाही. मी पितो हे त्यांना माहीत आहे, त्यांना माहीत आहे हे मला माहीत आहे, आणि विषय तिथेच संपतो. इथे मात्र नातू आजोबांसमोर पीत होता आणि तोच आदर होता! डोक्यात किडा वळवळायला लागला. परत आल्यावर चार विकांत वाचनात घालवले.

हे प्रकरण भलतंच जुनं निघालं. चौ राजवटीच्या सुरुवातीचा, म्हणजे सुमारे ३००० वर्षांपूर्वीचा मानला जाणारा दारूबद्दलचा एक राजादेश आहे. टोळक्याने जमून पिणाऱ्यांना त्यात थेट देहदंडाची धमकी आहे. पण मुलाने आईवडिलांना मद्य देऊन त्यांच्या आनंदात सामील होण्याला मुभा आहे. 'लीजी' या विधींच्या ग्रंथात तर पूर्ण प्रोटोकॉलच दिलाय. वडीलधाऱ्याकडून मद्य आलं की धाकट्याने उठायचं, मद्याच्या भांड्यापाशी जाऊन वाकून ते घ्यायचं. वडीलधारा नको नको म्हणाला की परत जागेवर येऊन प्यायचं. आणि वडीलधाऱ्याने प्याला उचललाय पण रिकामा केला नाहीये, तोवर धाकट्याने ओठाला लावायचा नाही. (तोंड वळवून पिण्याची रीत बरेच जण चिनी समजतात. ती कोरियन.)

नियम आला की पळवाट आलीच. पाचव्या शतकातल्या 'शीश्वो शिन्यू' या किश्श्यांच्या संग्रहात जोंग याओ या मंत्र्याच्या दोन मुलांची गोष्ट आहे. बाप दुपारी झोपलाय असं बघून दोघं त्याचं औषधी मद्य चोरून पितात. बाप जागाच असतो, डोळे मिटून मजा बघतो. थोरला आधी वाकून नमस्कार करतो, मग पितो. धाकटा सरळ पितो. बापाने विचारल्यावर थोरला सांगतो की मद्य हे विधीसाठी असतं, नमस्कार कसा चुकवू? धाकट्याचं उत्तर: चोरी हाच मुळात विधीचा भंग, मग नमस्कार कशाला? लॉजिक म्हणून मला धाकटाच बरोबर वाटतो :) हा धाकटा जोंग ह्वे पुढे सेनापती झाला, बंड केलं आणि २६४ साली मारला गेला. कुठे? चेंगडूलाच. (बाप वारला तेव्हा तो जेमतेम पाच वर्षांचा होता, तेव्हा गोष्ट रचलेली असणार.)

पण मला खरा चटका लावला तो वेगळ्याच गोष्टीने. वर्षातून एक दिवस हा सगळा क्रम उलटा व्हायचा. नववर्षाच्या सकाळी सगळं घर 'तूसू' नावाचं औषधी मद्य प्यायचं. त्यात रेवाचिनी, दालचिनी, आपल्या तिरफळाच्या कुळातली सिचुआनी मिरी अशा जिनसा. आदल्या दिवशी त्यांची पुरचुंडी विहिरीत सोडून ठेवायची. रोगराई जावी म्हणून हा खटाटोप. आणि पहिला घोट घरातल्या सगळ्यात लहान पोराचा, शेवटचा सगळ्यात म्हाताऱ्याचा!

कारण असं की जुन्या चिनी हिशोबात वाढदिवस वेगवेगळे नव्हते, नववर्षाला सगळेच एका वर्षाने मोठे व्हायचे. पोराला एक वर्ष मिळालं, म्हणून त्याचं आधी अभिनंदन. म्हाताऱ्याचं एक वर्ष गेलं. त्याचं अभिनंदन कसलं करणार? म्हणून तो शेवटी.

सोंग काळातला कवी सू शी आणि त्याचा धाकटा भाऊ सू ज, दोघांच्याही कवितेत हा शेवटचा प्याला आलाय. सू जने लिहिलं तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. थोरला भाऊ ११०१ सालीच गेलेला. म्हणजे आयुष्यभर ज्याच्यापेक्षा लहान, तोच आता रांगेत शेवटी.

जपानात ही रीत 'ओतोसो' नावाने अजून आहे. चेंगडूच्या मित्राला ईमेल करून विचारलं. म्हणाला, वांग आनशीच्या नववर्षाच्या कवितेत तूसू आहे, शाळेत सगळेच पाठ करतात, पण प्यायलो कधीच नाही. क्रमाचं तर माहीतही नव्हतं.

खाली एक ओळ होती. आजोबा गेल्या हिवाळ्यात गेले. आता दाराकडे तोंड करून बाबा बसतात.