मोडीचा भाव

पाणी तापवायचा बंब मोडीत घालायचा ठरला की मोड घेणारा आधी त्याची तोटी काढून बाजूला ठेवी. तोटी पितळेची, बंब तांब्याचा. दोन्हींचा भाव वेगळा, म्हणून वजनही वेगळे. मग बंब आडवा पाडून तो हातोडीने ठोकला जाई, म्हणजे आत वर्षानुवर्षे साचलेला क्षारांचा थर सुटून खाली पडे. तळाची जाळी लोखंडाची, ती तिसऱ्या ढिगात. एवढे करूनही काजळीपोटी आणि सांध्यांवरच्या डाखापोटी थोडी घट धरली जाई, आणि त्या घटीवरून घरातल्या आजीची त्याच्याशी हमखास हुज्जत होई. हुज्जत संपली की उरलेल्या वजनाचे पैसे हातावर पडत, किंवा त्यात भर घालून नवे भांडे घरात येई. टाकून द्यावे असे काही उरतच नसे. बंबाखालची राखसुद्धा भांडी घासायला ठेवलेली असे.

‘मोडीत काढणे’ हे शब्द आज योजनांना, संस्थांना आणि माणसांनाही लावले जातात आणि त्यांचा अर्थ निकालात काढणे असा होतो. मुळात मोड म्हणजे मोडक्या भांड्याचा धातू, ज्याला रोजचा दर असतो. मोडीत गेलेले भांडे संपत नसे. ते भट्टीतून फिरून पुन्हा कुणाच्या तरी फडताळात येई. पुण्यात हे काम कसबा पेठेतल्या तांबट आळीत चाले. पेशवाईत कोकणातून आलेल्या या तांबट कारागिरांनी तोफा आणि नाणी घडवली, आणि पुढे हंडे, घंगाळी, बंब. १८८५च्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरने तांब्या-पितळेच्या या धंद्याचे तपशीलवार वर्णन केले आहे. मोड वितळवायची, ओतायची आणि ठोकून ठोकून तिचा पत्रा करायचा, ही जुनी रीत. तयार पत्रे मिळू लागल्यावर ती मागे पडली, पण मोड देऊन वर नुसती घडणावळ भरायची सवय गिऱ्हाइकाने सोडली नाही. भांडे जुने झाले तरी त्यातला धातू आपलाच, आपण फक्त त्याचा आकार बदलून घेतोय, हा त्यामागचा हिशेब होता. सोनाराकडे हाच हिशेब आजही चालतो.

भांड्यांवर नावे घातलेली असत. लग्नात कुणी काय दिले, कोणत्या साली दिले, ते काठावर कोरलेले. मोडीत द्यायचे भांडे हातावेगळे करण्याआधी बायका ते उलटसुलट करून नाव एकदा वाचून घेत, आणि कधी कधी ते तेवढ्यावरून परत माळ्यावर जाई.

कपड्यांसाठी बोहारीण होती. दुपारची जेवणे उरकली की ती डोक्यावर भांड्यांची पाटी घेऊन वाड्यात शिरे. प्रत्येक कपडा उजेडाकडे धरून ती विरलेली जागा शोधी, विजार उलटी करून शिवण बघे, आणि शेवटी अडून बसे: एवढ्यात पातेले बसत नाही वहिनी, अजून एक साडी घाला. खऱ्या जरीच्या लुगड्यांचे गिऱ्हाईक मात्र वेगळे. जरीवाला पदर आणि काठ तेवढे नेई, ते जाळी आणि राखेतून चांदी गोळा करी. जाळून धातू काढायची ही युक्ती ध्यानात ठेवण्यासारखी आहे, कारण पुढे तीच विजेच्या वायरींवर वापरली गेली आणि तिचे परिणाम फार वेगळे झाले.

या साऱ्या व्यवहाराचा कणा तराजू होता. जे तोलता येते त्याला भाव, आणि ज्याला भाव आहे ते कुणीतरी घरी येऊन घेऊन जाणार. तांबे, पितळ, लोखंड, कापड, रद्दी, बाटल्या: एकेका वस्तूत एकेकच माल, त्यामुळे हा नियम पुरून उरला. कुणी कायदा केला नव्हता, कुणी जनजागृतीचे फलकही लावले नव्हते.

साठ-सत्तरच्या दशकांत स्टीलची भांडी आली, घरात गॅसची शेगडी आली, मागोमाग गीझर आला. बंब, पितळी स्टोव्ह, पाण्याचे हंडे असे कितीतरी सामान याच काळात मोडीत गेले. पुण्यात मंगळवार पेठेतल्या बुधवार-रविवारच्या जुन्या बाजारात आणि मुंबईच्या चोर बाजारात त्यातले काही शोभेची वस्तू म्हणून अजून सापडते. धातूच्या बाबतीत बोलायचे तर तेही वाया गेले नाही. अडचण सुरू झाली ती याच सुमारास घरात शिरलेल्या विजेच्या वस्तूंपासून.

मुंबईच्या गोदरेजने १९५८ साली भारतात फ्रिज बनवायला सुरुवात केली. कितीतरी वर्षे तो मोजक्या घरांत होता आणि जिथे होता तिथे दिवाणखान्यात ठेवलेला असे. असा फ्रिज कुणी भंगारात देत नसे. तो दुरुस्त होई, रंगवला जाई, धाकट्या भावाकडे जाई, मग गावच्या घरी. तीस-तीस वर्षे चाललेले फ्रिज अनेक कुटुंबांच्या आठवणीत आहेत. त्यामुळे तो संपतो तेव्हा काय होते, हा प्रश्न बराच काळ कुणाला पडलाच नाही.

तो संपतो तेव्हा भंगाराच्या दुकानामागे असे होते. फ्रिज पालथा घातला जातो. मागच्या बाजूला खाली काळा, घागरीएवढा कॉम्प्रेसर असतो. त्याच्याकडे जाणारी बारीक तांब्याची नळी पकडीने कापली जाते. फुस्स असा आवाज येतो, काही सेकंद टिकतो आणि थांबतो. रंग नाही, धूर नाही, वासही जवळपास नाही. मग कॉम्प्रेसर सुटा करून त्यातले तेल जमिनीवर ओतले जाते, छिन्नीने त्याचे कवच फोडून आतले तांब्याचे वेढे काढले जातात. दाराचे रबर एकीकडे, आतल्या प्लास्टिकचे तुकडे दुसरीकडे, पत्रा तिसरीकडे. पत्रा आणि प्लास्टिक यांच्यामध्ये पिवळसर फोम असतो, तो खरवडून टाकतात, कारण त्याला गिऱ्हाईक नाही. अनुभवी हातांना याला फारसा वेळ लागत नाही. कसब बंब मोडणाऱ्याचेच आहे: माल ओळखणे, वेगळा करणे, तोलणे.

पण जो भाग हवेत गेला तो तराजूत आलाच नाही. जुन्या फ्रिजमध्ये सीएफसी-१२ नावाचा वायू असे आणि फोममध्येही त्याच कुळातला वायू कोंडलेला असे. या वायूतला क्लोरीन वर जाऊन ओझोनचा थर खातो, म्हणून १९८७ साली माँट्रियल करार झाला. भारत त्यात १९९२ साली सामील झाला, २००३पासून नव्या फ्रिजमध्ये सीएफसी भरणे थांबले आणि ऑगस्ट २००८मध्ये देशातले त्याचे उत्पादनही बंद झाले. जगाच्या इतिहासात असे करार फार थोडे यशस्वी झाले आहेत आणि भारताने त्यातला आपला वाटा चोख उचलला. मात्र कारखान्यात वायू भरणे थांबले तरी आधीच भरलेले फ्रिज घराघरांत होतेच. सीएफसी-१२चा एक किलो हवेला तापवण्यात कार्बन डायऑक्साइडच्या दहा हजार किलोंहून अधिक काम करतो. घरगुती फ्रिजमध्ये तो दीडशे ग्रॅम धरला तरी पकडीच्या त्या एका दाबासरशी दीड टन कार्बन डायऑक्साइड सोडल्यासारखे होते. त्यानंतरच्या फ्रिजांतल्या आणि नव्या एसींतल्या वायूंनी ओझोनला धक्का लागत नसेल, पण त्यातले बरेचसे हवा तापवतातच; आणि हल्ली फ्रिजमध्ये सर्रास असणारा आयसोब्युटेन पेट घेतो, म्हणजे धोका थेट नळी कापणाऱ्याच्या तोंडापाशी.

टीव्हीची गोष्ट याहून बोलकी आहे. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झाले, १९८२च्या एशियाडच्या निमित्ताने रंगीत प्रक्षेपण आले, आणि तेव्हाच्या औरंगाबादजवळ चितेगावात व्हिडिओकॉनसारखा कारखाना महाराष्ट्रातच उभा राहिला. नव्वदच्या दशकात अकाईने जुना टीव्ही द्या आणि नवा न्या, अशी योजना आणली आणि ती तुफान चालली. भारतीय ग्राहकाला ती नवी वाटलीच नाही. मोड देऊन वरचे पैसे भरायचे, हे त्याच्या आईने बोहारणीशी आणि आजीने तांबटाशी केलेलेच होते.

मग सपाट पडद्याचे टीव्ही आले आणि जुन्या टीव्हीचा भाव कोसळला. जुन्या टीव्हीच्या मानेभोवती तांब्याचे वेटोळे असते, तेवढ्यासाठी ती मान फोडली जाते. बाकी सगळी जड काच. मागच्या नरसाळ्यासारख्या भागात, क्ष-किरण बाहेर पडू नयेत म्हणून, शिसे मिसळलेले असते. त्या काचेच्या वजनाचा सुमारे पाचवा हिस्सा शिशाचे ऑक्साइडच असते. नव्या पिक्चर ट्यूब बनत होत्या तोवर ही काच त्यांच्यात परत वितळवता येई. त्या बनणे थांबल्यावर तिला वालीच उरला नाही. तेव्हा मराठी घरांनी एक गोष्ट पहिल्यांदा पाहिली: दारातली वस्तू बघून भंगारवाला म्हणतो, नको, राहू द्या. शेकडो वर्षे चाललेली पद्धत तिथे अडली. असे टीव्ही मग जिन्याखाली, गच्चीवर, कचराकुंडीशेजारी दिसू लागले.

ज्याला भाव होता त्याची वाट वेगळी. मुंबईत कुर्ला, साकीनाका, कामाठीपुरा या भागांत विजेच्या वस्तू सुट्या करायचा धंदा वाढला. दिल्लीत सीलमपूर, आणि सर्किट बोर्डांसाठी उत्तर प्रदेशातले मुरादाबाद, जे पितळेच्या भांड्यांसाठी आधीपासून प्रसिद्ध होते. जुन्या जरीसारखीच वायर जाळली की तांबे हाती येते. फरक एवढाच की जरीबरोबर रेशीम होते आणि वायरीभोवती पीव्हीसी प्लास्टिक आहे. ते जळताना डायॉक्सिनसारखी विषे तयार होतात. बोर्डांवरचे धातू आम्लात सोडवतात आणि उरलेले आम्ल गटारात जाते. बिनहातमोज्यांनी हे काम करणारी माणसे दिवसाच्या मजुरीवर असतात. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शहरांनी आपल्या नको असलेल्या वस्तूंचे विष त्यांच्या फुप्फुसांवर सोपवले आहे, आणि हे अन्यायाचेच आहे.

महाराष्ट्रात या कष्टांना नाव मिळवून देणारी एक घटना १९९३ची. पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची संघटना स्थापन झाली, आणि तिचे नावही तेच: कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढशिक्षणाच्या कामातून ती उभी राहिली, कष्टकऱ्यांचे नेते डॉ. बाबा आढाव यांचा तिला आधार होता. सभासद बहुतेक बायका, बहुतेक दलित समाजातल्या. कित्येकींची कुटुंबे १९७२च्या दुष्काळात गाव सोडून आलेली. त्यांचे म्हणणे साधे होते: आम्ही करतो ते काम आहे, आणि त्या कामाने शहराचा पैसा वाचतो. पुढे याच बायकांच्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेने २००८मध्ये पुणे महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करायला सुरुवात केली. नुसत्या मालाच्या भावावर न राहता सेवेचा मोबदला घ्यायचा, हा विचार तिथे रुजला. फ्रिज आणि टीव्ही यांच्या प्रश्नाचे उत्तरही त्याच दिशेला आहे.

कायद्याला जाग यायला वेळ लागला. २००५ साली देशातल्या ई-कचऱ्याचा पहिला सरकारी अंदाज सुमारे १ लाख ४६ हजार टनांचा होता, आणि त्यात राज्यांमध्ये महाराष्ट्र आणि शहरांमध्ये मुंबई पहिली होती. २०११ साली नियम झाले, १ मे २०१२पासून ते लागू झाले, आणि वस्तू बनवणाऱ्या कंपनीवर तिच्या शेवटाचीही जबाबदारी आली. २०२३च्या एप्रिलपासून लागू झालेल्या नव्या नियमांनी वस्तूंची यादी २१वरून १०६वर नेली. त्यात आता टोस्टर आणि इस्त्रीही आहे. कंपन्यांनी नोंदणीकृत पुनर्चक्रीकरण केंद्रांकडून प्रमाणपत्रे विकत घ्यायची, आणि त्यासाठी किलोमागे किमान २२ रुपये द्यायचे, असेही पुढे ठरले. काही मोठ्या कंपन्या याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. किमान दराचा हा निर्णय योग्यच आहे. फोम, काच आणि वायू यांना बाजारात कुणी पैसे देत नाही, म्हणून ते नीट हाताळायचे पैसे वस्तू विकणाऱ्याने आणि पर्यायाने वापरणाऱ्याने भरले पाहिजेत. खटकते ते एवढेच की प्रमाणपत्रांचा हिशेब सोने, तांबे, लोखंड आणि ॲल्युमिनियम या चार धातूंवर बेतलेला आहे. म्हणजे कायद्याच्या हातातही पुन्हा मोडीचाच तराजू.

२०२२ साली जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला आणि त्यातला जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा झाल्याची नोंद आहे. भारताचा वाटा ४१ लाख टनांचा. त्यात प्रत्येक घरचा एखादा मिक्सर, एखादा टीव्ही आहेच.

तेव्हा पुढच्या वेळी घरातला फ्रिज किंवा एसी निघेल तेव्हा विकत घेणाऱ्याला किमतीच्या आधी एक विचारा: यातला वायू कोण काढणार आणि कुठे? एक्स्चेंजमध्ये देत असाल तर दुकानदाराकडून तो नोंदणीकृत केंद्राकडे जाणार असल्याचे लिहून घ्या. अशा केंद्रांची यादी महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे मिळते. आणि वस्तू नेहमीच्या भंगारवाल्यालाच द्यायची असेल, तर चार पैसे कमी घ्या, पण मागची नळी दारात कापू देऊ नका.