फर्माची सहावी संख्या

संगणकाशी रोज संबंध येणाऱ्या माझ्यासारख्यांना ४,२९,४९,६७,२९६ हा आकडा ओळखीचा असतो. बत्तीस बिटांत एवढ्याच वेगवेगळ्या किमती मावतात. हा २ चा ३२वा घात. मला मात्र त्याच्या लगेच पुढची संख्या जास्त आवडते: ४,२९,४९,६७,२९७. तिने एका थोर गणितज्ञाचा अंदाज खोटा ठरवला.

पिएर द फर्मा फ्रान्समधल्या तुलूझच्या न्यायालयात अधिकारी होता. गणित हा त्याचा छंद. १६४० साली त्याने पत्रातून एक अंदाज मांडला. २ घ्या, त्याचा वर्ग करा, आलेल्या संख्येचा पुन्हा वर्ग करा आणि असेच पुढे जा. प्रत्येक टप्प्यावरच्या संख्येत १ मिळवा. हाती येतात ३, ५, १७, २५७, ६५,५३७. पाचही मूळ संख्या! ही माळ कधीच तुटणार नाही, असे फर्माला वाटले. सिद्धता आपल्याकडे नाही हे त्याने मान्य केले, पण विश्वास सोडला नाही.

सहावी संख्या म्हणजे आपली ४,२९,४९,६७,२९७. १७२९ साली गोल्डबाखने ऑयलरचे लक्ष या अंदाजाकडे वेधले आणि १७३२ साली ऑयलरने दाखवून दिले, की ती ६४१ × ६७,००,४१७ आहे.

एकेक मूळ संख्या घेऊन भागून पाहायचे, तर ६५,५३६ पर्यंतच्या ६,५४२ मूळ संख्या समोर असतात. पण या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकाला ६४ ने भागले तर बाकी १ च उरते. ही अट लावली की उमेदवार उरतात १९३, २५७, ४४९, ५७७, ६४१... पाचव्या प्रयत्नात काम फत्ते.

पडताळा तर कागदावरही होतो. ६४१ म्हणजे ५ × १२८ + १, आणि ६४१ म्हणजेच ६२५ + १६. म्हणून ६४१ ने भागताना ५ × १२८ ऐवजी −१ धरता येतो. त्याचा चौथा घात घेतला, की ६२५ गुणिले २ चा २८वा घात याची बाकी १ येते. आता ६२५ च्या जागी −१६ ठेवा. १६ म्हणजे २ चा चौथा घात, म्हणून २ च्या ३२व्या घाताची बाकी −१. त्यात १ मिळवला की शून्य!

गंमत अशी, की ६४ ची ती अट फर्माच्याच १६४० च्या प्रमेयातून निघते. त्याच वर्षी हेच हत्यार वापरून त्याने २ चा ३७वा घात वजा १ या संख्येचा २२३ हा विभाजक शोधला होता.

त्यानंतर फर्माच्या माळेत एकही नवी मूळ संख्या सापडलेली नाही. सहावीपासून पुढच्या सलग २८ संख्या संयुक्त ठरल्या आहेत. यापुढच्या सगळ्याच संयुक्त असणार, असे म्हणायचा मोह होतो. फर्माने पाच उदाहरणांवर विश्वास ठेवला. आपल्याकडे अठ्ठावीस आहेत. सिद्धता मात्र अजूनही कोणाकडेच नाही.