औंधचे नमस्कार आणि कॅनलीतील खोली

आपले कॉव्हेंट्री हे विद्यार्थ्यांचे गाव. शहरात कॉव्हेंट्री युनिव्हर्सिटी आणि वेशीवर वॉरिक (नाव वॉरिकचे, पत्ता कॉव्हेंट्रीचा!). २० मार्च २०२० च्या रात्री इथल्या जिम बंद झाल्या. त्यानंतर त्या बंद-चालू होत अखेर उघडल्या त्या १२ एप्रिल २०२१ ला. मधल्या काळात मुलांसमोर उरला झूमचा चौकोन. वर्गात बसलेल्याला स्वतःचा चेहरा दिसत नाही; इथे तो दिवसभर समोर.

कॅनलीत भाड्याने राहणारा, आमच्या ओळखीचा मिरजेचा एक मुलगा २०२१ च्या जानेवारीत कॅमेरा बंद ठेवू लागला. वजन वाढले होते. मग त्याने रात्रीचे जेवण सोडले आणि यूट्यूबवरच्या पहिलवानांशी आपले दंड ताडून पाहू लागला. आम्ही दारात ठेवलेला डबा तसाच फ्रीजमध्ये जाई. त्याच्या आईचा फोन आला तेव्हा कळले. त्याचे जेवण पूर्ववत झाले ते युनिव्हर्सिटीच्या समुपदेशकांमुळे, हे आधीच सांगतो. मी फक्त सूर्यनमस्कार सुचवले. जागा एका सतरंजीची, खर्च शून्य. त्याचा पहिला प्रश्न: "काका, किती दिवसांत फरक दिसेल?"

या प्रश्नाला सव्वाशे वर्षांचा इतिहास आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता, सोजीर घरात शिरून माणसांची अंगे तपासत होते. त्याच वर्षी औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी सँडोची सारी उपकरणे आणि पुस्तके विकत घेतली. सँडो म्हणजे पिळदार देहाच्या छायाचित्रांनी विलायत वेडी करणारा मल्ल, आजच्या यूट्यूबवाल्यांचा पणजोबाच! भवानरावांनी त्याच्या पद्धतीने नेमाने दहा वर्षे मेहनत केली. १९०८ मध्ये ते सूर्यनमस्कारांकडे वळले, तेही मिरजकर राजेसाहेबांच्या सांगण्यावरून. (मिरजेच्या मुलाला हे ठाऊक नव्हते!)

सूर्यनमस्काराची परंपरा जुनी सांगतात, पण शाळाशाळांतून मोजून घालायचा दहा अवस्थांचा व्यायाम हे रूप रुजवले ते औंधने. आपल्या संस्थानातील शाळांत त्यांनी ते सुरू केले. १९२८ च्या सुमारास त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिले. त्याच्या मुखपृष्ठावर आरोग्य, कार्यक्षमता आणि दीर्घायुष्य असे तीन शब्द आहेत. रूपाचा उल्लेख नाही. सँडोच्या मागे दहा वर्षे घालवलेल्या माणसाने तो गाळला, याला माझ्या मते महत्त्व आहे. मुलाला मी हेच सांगितले. त्याला ते कितपत पटले कोण जाणे; पण त्याने मोजपट्टी कपाटात टाकली आणि रोजचे बारा नमस्कार चालू ठेवले.

१९३६ मध्ये राजेसाहेब विलायतेत आले तेव्हा 'न्यूज क्रॉनिकल'च्या लुईज मॉर्गन यांनी त्यांच्या नमस्कारांवर लेखमाला लिहिली. त्यांनीच संपादित केलेले 'द टेन-पॉइंट वे टू हेल्थ' हे पुस्तक १९३८ मध्ये लंडनच्या डेंट प्रकाशनाने काढले. म्हणजे हा व्यायाम आपल्या आधीच इथे येऊन पोचला होता.